हिरवी टिकली

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
४ एप्रिल २०२४

मेघा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, ईमेलला उत्तर देत नाहीस, म्हणून हे पोस्टाचं पाकीट. इतकी वर्षं एका खोलीत राहिलो, एकमेकींचे ड्रेस घातले, आणि आता तुझा घरचा पत्तासुद्धा माझ्याकडे नाही. म्हणून कंपनीच्या पत्त्यावर पाठवते आहे. बंगळुरूत तुमच्याकडे कुणी उघडून वाचलं तर वाचू दे.

काल आपल्या संस्थेत टिकलीचा समारंभ झाला. कागदावर तिचं नाव अजून ‘ग्राफीन-आधारित स्वेद-संवेदक’ असंच आहे. पण पहिल्या चाचणीला आमच्या गावच्या बायकांनी मनगटावरचा तो गोल चिकट तुकडा बघून ‘टिकली’ म्हटलं, आणि शिवराज सरांना ते इतकं आवडलं की आता तुमच्या कंपनीच्या खोक्यावरही तेच छापलंय. शब्दसुद्धा आपण त्यांचाच उचलला.

सभागृहात एसी इतका होता की पहिल्या रांगेतल्या बायका पदर लपेटून बसल्या होत्या. तिथे उभं राहून सर घामाबद्दल बोलले. एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर उन्हात राबणाऱ्या माउलीचा घाम वाचणार, त्यातलं मीठ मोजणार, आणि उष्माघाताच्या आधी लाल दिवा लावून तिला सावलीत पाठवणार. टाळ्या. मग मला वर बोलावलं. ‘ही आमची ज्ञानेश्वरी. मेंढपाळाची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. ही चाचणी हिच्याच गावात झाली.’ पुन्हा टाळ्या. तुमच्या कंपनीचे एक साहेब माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत हसत होते. बाजारात मेंढी घ्यायच्या आधी तोंड उघडून दात बघतात, तसं. मी हात जोडून खाली उतरले आणि मागच्या बेसिनपाशी जाऊन ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडलं.

कारण मला जे कळलंय, ते तुला अजून माहीत नाही. किंवा माहीत आहे. तेच विचारायला हे पत्र.

धुळवडीला घरी गेले होते. पुतळा मावशी भाकरी थापता थापता एकटीच हसायला लागली.

“तुमची ती घाम बघायची मिशीन आली व्हती ना,” ती म्हणाली, “त्या दिशी तुझ्या मायनं आमाला कसं पळवलं, इचार.”

“कुठं पळवलं?”

“हापशावर. समद्या बायांनी कोपरापस्तोर हात घासले साबण लावून. एकीनं तर पावडर बी लावली.”

“अगं पण का?”

“का म्हंजी? सायबाच्या म्होरं घामट हात घिऊन बसावं का? तुझी बी काही इज्जत हाय का नाय?”

मीही हसले, मेघा. मग पहिलाच घास ताटात परत ठेवला. त्या दिवशी तू यंत्रापाशी होतीस आणि मी सह्या-अंगठे घेत होते. साबणाचा वास दोघींना आला होता. तू म्हणालीस, “गावाकडच्या बायका किती स्वच्छ असतात गं.” मला त्याचं बरं वाटलं होतं.

आता विचार कर. प्रयोगशाळेत मिठाचं पाणी तूच वाढवत नेलं होतंस. एका मर्यादेपर्यंत ग्राफीनमधला प्रवाह मिठाबरोबर नीट सरकत होता, त्यापुढे सगळं सपाट. सर म्हणाले, आलेख तिथेच काप. आणि प्रोग्राममधली ती ओळ तू लिहिलीस: मर्यादेबाहेरचं काही आलं तर तो बिघाड समजायचा, आणि आधीचं शेवटचं चांगलं मोजमाप धरून ठेवायचं. उन्हात राबणाऱ्या माणसाचा घाम अंगावरच वाळतो. मेंढरांमागे हिंडून आलेल्या माझ्या बापाच्या सदऱ्यावर पाठीला पांढरे नकाशे असतात. तेवढ्या मिठात टिकली लगेच मर्यादेबाहेर जाणार. मग ती काय दाखवणार? सकाळी धुतलेल्या हातावर लावली तेव्हाचं. हिरवं. दिवसभर हिरवं.

गावातल्या चाचणीत हे दिसलं नाही, कारण आपण घाम मोजलाच नाही. आपण साबण मोजला.

मे महिन्यात तुमची कंपनी या टिकल्या खऱ्या मजुरांना लावणार आहे. मिठाचा न कापलेला आलेख तुझ्याकडे आहे. तो कंपनीला दाखव, एवढंच मागते. माझं म्हणणं कुणी ऐकणार नाही, पण यंत्र तुझ्या हातचं आहे.

ज्ञानेश्वरी


पडेगाव
२१ एप्रिल

मेघा,

माझ्या पत्राचं उत्तर मिळालं. तुझ्याकडून नाही, सरांच्या मोबाइलवर. तू पत्राच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून त्यांना पाठवलास. माझं अक्षर त्यांच्या फोनच्या काचेवर बोटानं मोठं होताना मी समोर बसून बघितलं. ‘ओकले’ या शब्दावर ते थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. त्या क्षणी मला तुझी जी किळस आली, तिला माझ्याजवळ शब्द नाही. मेसच्या वरणात पाल निघाली होती तेव्हा आपण दोघींनी आठवडाभर वरण खाल्लं नव्हतं. तसंच काहीसं. तुझं नाव डोक्यात आलं की जेवणावरून उठावंसं वाटतं.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. चहा मागवला, बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.

“बेटा, त्वचा पुसून घेणं ही जगभरची पद्धत आहे,” ते म्हणाले. “तुझ्या बायकांनी आपलं कामच सोपं केलं. धुतलेला हात म्हणजे स्वच्छ सॅम्पल.”

“सर, पण कामावर कोण तासातासाला हात धुणार आहे?”

“वाळलेलं मीठ म्हणजे घाण सॅम्पल. घाण डेटा आपण घेत नाही.”

“म्हणजे ज्यांच्यासाठी केलं त्यांचा घाम घाण?”

“शब्दात शिरू नकोस.” त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. “पुढच्या आवृत्तीत मर्यादा वाढवू. सगळी यंत्रं अशीच सुधारतात. आधी बाजारात तर जाऊ दे. आणि तुझा थिसिस जूनमध्ये आहे ना?”

धमकी किती मऊ आवाजात देता येते ते बघ. त्यांच्या मिशीला बिस्किटाचा लगदा लागला होता आणि मी त्याकडेच बघत राहिले.

मग म्हणाले की मेमधली चाचणी बिडकीनजवळ एका गोदामाच्या बांधकामावर आहे. “तुमच्याच भागातल्या बायका आहेत कामाला. तूच जाऊन समजावून सांग. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा संपवला आणि कप उचलून बाहेर ठेवला, सवयीनं. खोलीवर येऊन हात धुतले. परत धुतले.

त्या कामावर ओळखीच्या बायका आहेत. त्यापेक्षा जास्त मी तुला लिहिणार नाही. लिहिलं की ते परत त्या काचेवर मोठं होतं.

एक विचारते. आपण पहिल्यांदा चिकटपट्टीनं ग्रॅफाइटचे थर सोलत बसलो होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो एकेरी थर दिसला, जवळजवळ नसल्यासारखा, तेव्हा तू मला मिठी मारून काय म्हणाली होतीस? ‘ज्ञानू, हे इतकं पातळ आहे की यात काही लपवता येणार नाही.’ ते तू खरंच म्हणाली होतीस, की मी मनानंच रचलंय?

ज्ञा.


पडेगाव
९ मे

मेघा,

हे पत्रही सरांना पाठव. माझी हरकत नाही. नैतिकता समितीला जे पाठवलंय तेच इथे लिहिते, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

स्टोअरमधून एक टिकली घेतली. हात साबणानं धुतला, टिकली लावली, हिरवा दिवा आला. मग कैरी आणली, फोडी केल्या, लोणच्याला लावतात तसं भरपूर मीठ लावलं, आणि पाणी सुटल्यावर हातावरची टिकली काढून फोडीवर चिकटवली. फोड उन्हात गच्चीवर ठेवली. संध्याकाळपर्यंत ती सुकून आक्रसली. दिवा हिरवा. तुमच्या टिकलीच्या मते कैरीची तब्येत उत्तम आहे आणि ती अजून काम करू शकते.

व्हिडिओ केला आणि समितीला पाठवला. उत्तर आलं की सदस्य सुट्टीवर आहेत, जूनमध्ये बैठक होईल. एका सदस्यानं खाजगीत हसण्याचा चेहरा पाठवला आणि लिहिलं, ‘क्रिएटिव्ह!’

मग बिडकीनला गेले.

एप्रिलमध्ये जे लिहिलं नव्हतं ते आता लिहिते. त्या गोदामावर माझी आई आहे. मेंढरं बाबा आणि चुलते बघतात, उन्हाळ्यात चारा नसतो म्हणून ते लांब गेलेत. आई आणि पुतळा मावशी रोजंदारीवर खडी-वाळू वाहतात. तू दिवाळीत आमच्याकडे आली होतीस तेव्हा आईनं तुझ्या ताटात तूप किती वाढलं होतं ते तुला आठवत असेल, किंवा नसेल.

मी पोचले तेव्हा टिकल्या लावून झाल्या होत्या. तुमच्या कंपनीच्या पोरानं आधी सगळ्यांना हात धुवायला लावले होते, टाकीपाशी, ओळीनं. म्हणजे आता ते नियमातच बसवलंय.

मुकादम पुंडलिक चांगला माणूस आहे, निदान वाईट नाही. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की दिव्यावर जाऊ नका.

“ताई, तुमच्याच कालेजचा हाय ना दिवा?” तो म्हणाला.

“हो. पण चुकतोय.”

“मंग आमी कुणाचं ऐकावं? कंपनीचे सायेब म्हनतेत हिरवा असंस्तोर काम चालू. आदी बाया सारख्या सावलीला बसायच्या, म्हनायच्या गरगरतंय. आता दिवा बघतो. हिरवा असला की उठ म्हनतो. भांडण बी मिटलं.”

भांडण मिटलं. हे शब्द तुमच्या माहितीपत्रकात टाका.

आईकडे गेले. डोक्यावर चुंबळ, तोंडाला फडकं, फक्त डोळे दिसत होते. मी तिच्या मनगटाला हात घातला, तिनं झटकन मागे घेतला.

“आई, काढ ते. काही कामाचं नाही.”

“समद्यांच्या म्होरं असं बोलू नगं. मी सांगितलंय हितं, मह्या लेकीनं केलंय म्हून.”

“मीच सांगते ना, काढ.”

तिनं मनगट पदराखाली घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, “तुला लाज वाटती व्हय माझी? माय खडी वाहती, तिच्या हातावर तुझी टिकली शोभत नाय, असं हाय का?”

“नाही गं.”

“मंग जा. उन्हात हुबी राहू नगं, तुला सवय नाय आता.”

बाकीच्या बायका बघत होत्या. पुतळा मावशीनं लांबूनच स्वतःचं मनगट वर करून मला हिरवा दिवा दाखवला आणि हसली. मी परत आले. तिचा हात धरून ओढून टिकली काढायला हवी होती, पण सगळ्यांसमोर तिला कमीपणा आणणं माझ्याच्यानं झालं नाही.

तुझ्याकडून मला आता आलेखही नको. फक्त तुमच्या पोराला फोन करून सांग की दिवा बंद ठेवा. कारण काहीही सांग. बॅटरी खराब आहे म्हण. खोटं बोलायला तुला सांगावं लागतंय याचीही शिसारी येते, पण बोल. एका फोनचं काम आहे.

ज्ञानेश्वरी


छत्रपती संभाजीनगर
२३ मे

मेघा,

तू फोन केला नाहीस.

परवा दुपारी आई वाळूच्या ढिगापाशी पडली. मुकादमानं टेम्पोत घालून शहरात आणली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिची कातडी तव्यासारखी तापलेली आणि कोरडी होती, घाम थांबला होता, आणि ती मला ओळखत नव्हती. मला ‘बाई’ म्हणत होती, पाणी सांडल्याबद्दल माफी मागत होती. पाणी कुठेही सांडलेलं नव्हतं. मनगटावर दिवा हिरवा होता. ओली फडकी बदलणाऱ्या सिस्टरनं विचारलं, “हे काय चिकटवलंय?” तिनं नखानं खरवडून काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

मी डब्यात हात घालून ते परत काढलं. कापसाच्या रक्ताळलेल्या बोळ्यांत ते चमकत होतं. आपण दोघींनी जगात यापेक्षा सुंदर काही केलं नव्हतं आणि यापेक्षा घाणही नाही.

संध्याकाळी तुमचा माणूस आला. आई कशी आहे हे त्यानं विचारलं, खोटं कशाला सांगू. पण लगेच म्हणाला, “मॅडम, डिव्हाइस रिटर्न करावं लागेल, कंपनीची प्रॉपर्टी आहे.” बोलताना तो च्युइंगम चघळत होता. मी डिव्हाइस दिलं नाही. शिवराज सरांचा फोन आला, आवाज नेहमीपेक्षाही मऊ. आईचं वय, रक्तदाब, नीट जेवली होती का, हे सगळं विचारून झालं. ते पुढे कुठे वापरणार आहेत ते मला समजलं. “एका केसवरून निष्कर्ष काढायचा नसतो,” म्हणाले. मी फोन ठेवला. इतक्या वर्षांत त्यांच्या आधी फोन ठेवण्याची ही पहिली वेळ.

आई वाचली. हे आधी लिहायला हवं होतं, पण तुला तो दिलासा इतक्या लवकर मिळावा असं मला वाटलं नाही.

शुद्ध नीट आल्यावर तिनं आधी मनगट बघितलं. तिथे गोल, फिकट डाग राहिलाय.

“बिघडली का तुझी टिकली?” ती म्हणाली. “मह्या पडण्यानं फुटली का?”

“नाही आई. ती आधीपासूनच खोटी होती.”

तिनं अंगठ्यानं तो डाग चोळून बघितला.

“सकाळपासून गरगरत व्हतं,” ती म्हणाली. “डोळ्याम्होरं काळं यायचं. पन दिवा हिरवा. मला वाटलं, मीच सोंग करायले. लेकीची मिशीन काय खोटं बोलती का. म्हून उठले.”

मला रडू आलं नाही. मला स्वतःच्या हातांची किळस आली, या दहा बोटांची, ज्यांनी तो थर सोलला.

“म्हंजी मह्यी चक्कर खरी व्हती,” ती म्हणाली.

“खरी होती.”

“मंग हितं काय बसलीस? पुतळीच्या हातावर बी हाय ती. जा.”

निवेदन मी काल टपालानं आणि ईमेलनं दोन्हीकडून पाठवलं: समितीला, कामगार कार्यालयाला, आणि ज्या नियतकालिकानं आपला टिकलीवरचा शोधनिबंध छापला त्यांना. खाली माझी सही आहे. मिठाचा आलेख कुणी काढला, तो कुणी कापायला सांगितला आणि ती ओळ कुणी लिहिली, हे सगळं नावानिशी आहे. तुझं नाव पूर्ण लिहिलंय, वडिलांच्या नावासकट. मी खोटं बोलते असं तुला म्हणता येईल, पण ते तुझ्या सहीनं म्हणावं लागेल. थिसिसचं काय होईल ते मला कळतं. सरांच्या खोलीची किल्ली मी शिपायाकडे दिली आहे. घरात पदवीच्या पुढे कुणी गेलं नाही, तर नाही गेलं.

मग मी बिडकीनला गेले. ऊन तसंच होतं आणि टिकल्याही तशाच. तुमचा पोरगा म्हणाला, ऑर्डर आल्याशिवाय काढता येणार नाहीत. मी त्याच्याशी बोललेच नाही. बायकांना म्हटलं, “मला आईनं पाठवलंय. चक्कर आली की बसायचं. दिव्याला विचारायचं नाही.” पुन्हा समजावून सांगणार होते, ग्राफीन, मीठ, मर्यादा, पण त्याची गरज पडली नाही. पुतळा मावशीनं डोक्यावरचं घमेलं उतरवलं, टिकली सोलून विटेवर चिकटवली, आणि भिंतीच्या सावलीला जाऊन पाय पसरून बसली. तिच्या मागून एकेक जणी.

पुंडलिक धावत आला. “ए पुतळाबाई, उठ. दिवा हिरवा हाय ना तुझा?”

“हाय की,” मावशी फडक्यानं वारा घेत म्हणाली. “दे मंग त्याच्याच डोक्यावर घमेलं.”

ज्ञानेश्वरी